शरीराचा जमाखर्च आणि वजन उतरविणारीं इंजेक्शनें

विद्यार्थ्यांनो, प्रथम एक हिशेब करूं. साधारण कामकाज करणाऱ्या प्रौढ माणसास दिवसाला २,४०० उष्मांकांचें अन्न लागतें असें धरा. वर्षाच्या ३६५ दिवसांत तो ८ लक्ष ७६ हजार उष्मांक खातो. शरीरांतील एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक सांठलेले असतात. म्हणजे वर्षभरांत एखाद्याचें वजन एका किलोनें वाढलें, तर त्याच्या खाण्याच्या व खर्चाच्या हिशेबांत शेंकडा एकापेक्षांही कमी चूक झाली असें ठरतें. दिवसांवर वांटून पाहिलें तर ही चूक २१ उष्मांकांची, म्हणजे लहानशा पोळीच्या चतकोराएवढी भरते. जेवतांना चतकोराचा हिशेब ठेवणारा मनुष्य मीं तरी पाहिलेला नाहीं. तरीसुद्धां पुष्कळ लोकांचें वजन वर्षानुवर्षें दोन-तीन किलोंच्या आंतच राहतें. हें त्रैराशिक ढोबळ आहे, कारण वजन वाढलें कीं शरीराचा खर्चही थोडा वाढतो व चूक आपोआप कांहींशी मिटते. पण तेवढ्यानें सगळा उलगडा होत नाहीं. हा जमाखर्च शरीरांत कोणीतरी लिहीत असला पाहिजे.

तो लिहिणारा कोठें बसतो, काय पाहून लिहितो, आणि अलीकडे ज्यांचा एवढा गाजावाजा चालला आहे तीं वजन उतरविणारीं इंजेक्शनें त्याच्या वहींत काय फेरफार करितात, हें ह्या लेखांत पाहावयाचें आहे. गेल्या वर्षांत तीन-चार पालकांनीं मजजवळ ह्या इंजेक्शनांची चौकशी केली. मी डॉक्टर नव्हे, विज्ञानाचा शिक्षक आहे. तेव्हां औषध घ्यावें कीं न घ्यावें हें सांगणें माझें काम नाहीं. तें शरीरांत काय करितें एवढें मात्र समजावून देतां येईल.

लिहिणारा बसतो मेंदूच्या तळाशीं, हायपोथॅलॅमस नांवाच्या बदामाएवढ्या भागांत. त्याला कोठारांतील चरबीची खबर कशी पोंचते हें कळण्यास उंदीर उपयोगी पडले. अमेरिकेंत मेन संस्थानांत बार हार्बर येथें जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथें १९४९ सालीं उंदरांच्या पैदाशींत कांहीं विलक्षण लठ्ठ पिलें आढळलीं. तीं सारखीं खात व वाढून नेहमींच्या उंदरांच्या तिप्पट वजनाचीं होत. पुढें त्याच ठिकाणीं दुसऱ्या एका वाणाचे, तितकेच लठ्ठ पण मधुमेहानें ग्रासलेले उंदीर सांपडले. डग्लस कोलमन ह्या शास्त्रज्ञांनीं एक चमत्कारिक पण फार विचारपूर्वक योजलेला प्रयोग केला. शस्त्रक्रियेनें दोन उंदरांच्या कुशी एकमेकांस जोडून एकाचें रक्त दुसऱ्याच्या अंगांत थोडें थोडें जाईल अशी त्यांनीं व्यवस्था केली. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्या उंदरास जोडला, तेव्हां त्याचें खाणें कमी होऊन तो रोडावूं लागला. दुसऱ्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्या उंदरास जोडला, तेव्हां लठ्ठ होता तसाच राहिला, आणि बिचारा साधा उंदीर मात्र खाणें सोडून उपाशीं मेला.

पुढें वाचण्यापूर्वीं येथें क्षणभर थांबा, आणि ह्यावरून काय अनुमान निघतें तें स्वतः काढून पाहा. कोलमन ह्यांनीं काढलें तें असें: रक्तांतून "आतां पुरे" असा निरोप नेणारा कोणी पदार्थ आहे. पहिल्या उंदरांत तो पदार्थच तयार होत नाहीं, पण बाहेरून आला तर तो ऐकूं येतो. दुसऱ्यांत तो वाजवीपेक्षां फार आहे, पण ऐकणारा कान नाहीं. तो पदार्थ त्या वेळीं कोणी पाहिलेला नव्हता. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें आनुवंशिक बीज शोधून काढलें. ग्रीक भाषेंत 'लेप्टॉस' म्हणजे बारीक. त्यावरून त्या पदार्थास लेप्टिन हें नांव मिळालें. तो चरबींतूनच निघतो. चरबी वाढली कीं लेप्टिन वाढतें व भूक मंदावते. चरबी घटली कीं लेप्टिन घटतें व भूक पेट घेते.

माणसांतही पहिल्या उंदरासारखीं मुलें असतात, पण फारच विरळा. इंग्लंडांत १९९७ सालीं अशा दोन भावंडांचा शोध लागला. तीं चुलत-मावस नात्याचीं होतीं. त्यांतील मुलीचें वजन नवव्या वर्षीं ९४ किलोंवर गेलें होतें. तिला लेप्टिनचीं इंजेक्शनें सुरू केल्यावर तिची अनावर भूक शमली व एका वर्षांत १६ किलोंहून अधिक वजन उतरलें. हें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या मुलीची गोष्ट लक्षांत ठेवा, कारण पुढें तिच्याशीं तुलना करावयाची आहे. तिच्या शरीरांत जें उणें होतें तेंच नेमकें भरून निघालें.

मग सर्वच लठ्ठ माणसांना लेप्टिन कां टोंचूं नये? तेंही करून पाहिलें, व त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तांत लेप्टिन मुळींच कमी नसतें, उलट पुष्कळ असतें. मेंदू त्या निरोपास जड कानाचा झालेला असतो.

आतां ह्या लिहिणाऱ्याचा एक स्वभाव सांगितला पाहिजे. वजन वाढतांना तो बराचसा डोळेझांक करितो, पण घटूं लागलें कीं खडबडून जागा होतो. ज्या प्राण्याच्या पूर्वजांनीं हजारों वर्षें दुष्काळ सोसले, त्याच्या मेंदूला उपासाचें भय अधिक असावें ह्यांत नवल नाहीं. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं अन्सेल कीज ह्यांनीं ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटीं राहण्याचा प्रयोग केला. धर्मबुद्धीनें शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण होते, आणि युद्धानें उपासमार झालेल्या लोकांच्या उपयोगी पडावें म्हणून ते आपण होऊन पुढें आले होते. २४ आठवड्यांत त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांशानें घटलें. त्याबरोबर शरीर स्वस्थ असतांना होणारा त्यांचा उष्मांकांचा खर्च शेंकडा ४० च्या आसपास खालीं आला, हातपाय गार पडूं लागले, उत्साह मावळला, आणि मनांत रात्रंदिवस अन्नाखेरीज विषय उरला नाहीं. स्वयंपाकाचीं पुस्तकें जमवून वाचीत बसावें अशी कित्येकांची अवस्था झाली. हे सुशील, निग्रही तरुण होते हें विसरूं नका.

ही ओढ वजन उतरल्यावर थोड्या दिवसांत निवते असेंही नाहीं. जठर रिकामें असतां त्यांतून घ्रेलिन नांवाचा भुकेचा अंतःस्राव निघतो. जपानांत कोजिमा व कांगावा ह्यांनीं तो १९९९ सालीं शोधला. मेलबर्न येथें ५० लठ्ठ माणसांना १० आठवडे अगदीं तुटपुंज्या आहारावर ठेवलें, तेव्हां सरासरी साडेतेरा किलो वजन गेलें. वर्षभरानंतर पुन्हां रक्त तपासलें तरी घ्रेलिन चढलेलें, लेप्टिन उतरलेलें व भूक पूर्वींपेक्षां तीव्रच होती. हा शोध २०११ सालीं प्रसिद्ध झाला.

आणखी एक गोष्ट पालकांसाठीं. डेन्मार्कांत दत्तक गेलेल्या ५४० प्रौढ माणसांची पाहणी १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांची शरीरयष्टि ज्यांच्या घरीं तीं वाढलीं त्या आईबापांशीं जुळली नाहीं. ज्यांनीं जन्म दिला त्यांच्याशीं जुळली. घरचें खाणें व शहरांतील दुकानें ह्यांचा परिणाम नाहीं असें ह्यावरून कोणी म्हणूं नये. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभर लठ्ठपणा वाढला तो कांहीं आनुवंशिक बीज पालटल्यामुळें नव्हे. पण एकाच डब्यांतील तेंच खाऊन एक मुलगा फुगतो व दुसरा काडीसारखा राहतो ह्याचें कारण बहुतांशीं जन्मतःच ठरलेलें असतें. वर्गांत 'जाड्या' व 'ढोल्या' ह्या हांका मला ऐकूं येत नाहींत असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा परिच्छेद दोनदां वाचावा. आणि जे पालक सणाच्या पंगतींत चार पाहुण्यांसमोर मुलीच्या ताटाकडे पाहून बोलतात, त्यांनींही.

आतां इंजेक्शनांकडे वळूं. लेप्टिन हा लांब पल्ल्याचा निरोप्या आहे. त्याखेरीज प्रत्येक जेवणागणिक धांवणारे निरोपे आहेत. अन्न आंतड्यांत उतरलें कीं आंतड्याच्या अस्तरांतील कांहीं पेशी जीएलपी-१ नांवाचा अंतःस्राव रक्तांत सोडतात. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत स्वेत्लाना मोयसोव, जोएल हॅबनर व डॅनियल ड्रकर ह्यांनीं आणि डेन्मार्कांत येन्स यूल होल्स्ट ह्यांनीं त्याचा अभ्यास केला. रक्तांत साखर चढलेली असेल तर तो स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवितो, जठरांतील अन्न सावकाश पुढें सरकवितो, व मेंदूस तृप्तीची खबर देण्यास हातभार लावितो. पण त्याचें आयुष्य फार थोडें. रक्तांतील एक विकर त्याला लगेच तोडतें, व सुमारें दोन मिनिटांत त्याचें प्रमाण निम्म्यावर येतें. असा पदार्थ औषध म्हणून टोंचावा तरी कसा?

ह्या अडचणींतून वाट दाखविली ती एका विषारी प्राण्यानें. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत हीला मॉन्स्टर नांवाचा, दिसण्यांत घोरपडीची आठवण करून देणारा सरडा राहतो. जॉन एंग ह्यांनीं त्याच्या विषांतून जीएलपी-१ शीं मिळताजुळता एक पदार्थ वेगळा काढून त्याचें वर्णन १९९२ सालीं प्रसिद्ध केलें. तो आपल्या रक्तांत लवकर तुटत नाहीं. त्यावरून बनविलेलें मधुमेहाचें औषध २००५ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें दिवसांतून दोनदां टोंचावें लागे. पुढें शास्त्रज्ञांनीं मानवी जीएलपी-१ च्याच सांखळींत किरकोळ फेरबदल करून तिला मेदाम्लाची लांब शेंपटी जोडली. ही शेंपटी रक्तांतील अल्ब्युमिन नांवाच्या प्रथिनास चिकटून राहते, व त्यामुळें औषध टिकतें. असें तयार झालेलें सेमाग्लुटाइड मधुमेहासाठीं २०१७ सालीं व वजनासाठीं २०२१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. टिर्झेपटाइड हें दुसरें औषध जीएलपी-१ बरोबर जीआयपी नांवाच्या आणखी एका आंत्रस्रावाचेंही काम करितें. भारतांत टिर्झेपटाइड माउंजारो ह्या नांवानें मार्च २०२५ मध्यें, आणि वजनासाठींचें सेमाग्लुटाइड वेगोव्ही ह्या नांवानें जून २०२५ मध्यें विक्रीस आलें.

सेमाग्लुटाइडचें प्रमाण निम्म्यावर यावयास सुमारें सात दिवस लागतात. सात दिवसांचीं मिनिटें १०,०८०. नैसर्गिक निरोप्याच्या दोन मिनिटांशीं हें ताडून पाहा: पांच हजारपट! जो निरोप जेवणापुरता येऊन विरून जावयाचा, तो आतां रात्रंदिवस, जेवण असो वा नसो, एकसारखा दिला जात आहे. ह्यामुळें औषध नैसर्गिक अंतःस्रावाची नुसती भरपाई करितें असें म्हणणें बरोबर नाहीं. इंग्लंडांतील त्या मुलीला जें उणें होतें तें मिळालें. येथें बहुधा कांहीं उणें नसतें. एक आवाज वाजवीपेक्षां मोठा करून दुसऱ्या आवाजांवर मात केली जाते.

ही मात मुख्यतः मेंदूंत होते. जठर सावकाश रिकामें होण्याचा परिणाम आरंभीं जाणवतो, पण पुढें तो ओसरतो. वजन मात्र त्यानंतरही उतरत राहतें. मेंदूच्या मागील तळभागांत व हायपोथॅलॅमसमध्यें जीएलपी-१ चे ग्राहक आहेत. तेथें तृप्तीच्या पेशींस चेतना मिळते व भुकेच्या पेशी दबतात. औषध घेणारे कित्येक लोक सांगतात कीं, मनांत अखंड चाललेला खाण्याचा विचार एकाएकीं शांत झाला. शरीराचा खर्च औषधानें म्हणण्यासारखा वाढत नाहीं. वजन उतरतें तें कमी खाल्ल्यामुळें. उतरतेंही चांगलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत १,९६१ माणसें होतीं. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचें वजन सरासरी शेंकडा १४.९ नें घटलें, खोटें औषध घेणाऱ्यांचें शेंकडा २.४ नें. टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनें ७२ आठवड्यांत शेंकडा २०.९ पर्यंत घट झाली. वैद्यकाच्या इतिहासांत पूर्वीं शस्त्रक्रियेवांचून असें क्वचितच घडलें असेल, आणि ज्यांचें हृदय, गुडघे वा यकृत वजनानें जेरीस आलें आहे त्यांना हें मोठें वरदान आहे, हें मोकळेपणानें म्हटलें पाहिजे.

पण ह्या सर्व काळांत आपला लिहिणारा काय करीत असतो? तो गप्प बसलेला नसतो. चरबी घटते तसें लेप्टिन घटतें, शरीराचा खर्च कमी होतो, भुकेचा दाब वाढतो. नववीच्या मुलांनीं प्रयोगशाळेंत स्प्रिंगला वजन टांगून पाहिलें आहे. वजन टांगलें कीं स्प्रिंग ताणते, जितकी ताणते तितकी उलट ओढते, आणि दोन्ही ओढी समान झाल्या कीं थांबते. केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं ह्या ओढीचें मापच काढलें. ज्या मधुमेही लोकांच्या लघवींतून एका औषधानें नकळत साखर बाहेर टाकली जात होती त्यांचा अभ्यास करून त्यांनीं असें दाखविलें कीं, उतरलेल्या प्रत्येक किलोमागें भूक दिवसाला सुमारें १०० उष्मांकांनीं वाढते, आणि शरीराचा खर्च २०-३० उष्मांकांनीं कमी होतो. दहा किलो उतरविणारा मनुष्य हजार उष्मांकांच्या जादा ओढीशीं झुंजत असतो! इंजेक्शन हें टांगलेलें वजन आहे. म्हणूनच साधारण वर्ष-सव्वा वर्षानें, औषध चालू असतांही, वजन उतरावयाचें थांबतें. औषध निकामी झालें असें समजून लोक तेव्हां निराश होतात. तें निकामी झालेलें नसतें. दोन ओढींचा समतोल झालेला असतो, आणि तो समतोल टिकवून धरण्याचें काम औषध करीतच असतें.

टांगलेलें वजन काढून घेतल्यावर स्प्रिंगचें काय होतें हें सांगावयास नको. वर सांगितलेल्या चांचणींतील ३२७ लोकांवर औषध थांबविल्यावरही लक्ष ठेवलें. ६८ आठवड्यांत त्यांतील सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचें वजन शेंकडा १७.३ नें उतरलें होतें. पुढच्या वर्षभरांत त्यांतील दोन तृतीयांश परत आलें, व शेवटीं निव्वळ घट शेंकडा ५.६ राहिली. नव्वद किलोंच्या माणसावर बसवून पाहा: तो साडेचौऱ्याहत्तरांपर्यंत गेला व पंचाऐंशींवर परतला. रक्तदाब वगैरेंत झालेली सुधारणाही बरीचशी मावळली. टिर्झेपटाइडच्या चांचणींत ३६ आठवड्यांनंतर निम्म्या लोकांना गुपचूप खोटें औषध दिलें, तेव्हां त्यांचें वजन वर्षभरांत शेंकडा १४ नें वाढलें. ज्यांचें औषध चालू राहिलें त्यांचें आणखी ५.५ नें उतरलें. हे सरासरीचे आंकडे आहेत, कांहीं लोकांनीं पुष्कळ राखलें हेंही खरें.

ह्यावरून 'इंजेक्शनानें शरीराची नैसर्गिक यंत्रणा बिघडते' असा जो बोलवा आहे त्याचा विचार करितां येईल. वजन परत येतें तें यंत्रणा बिघडल्यामुळें नव्हे, ती शाबूत असल्यामुळें. औषधानें तिला दुरुस्त केलेलें नसतें आणि मोडलेलेंही नसतें. जोंवर तें रक्तांत आहे तोंवर तिला रोखून धरलेलें असतें. म्हणून मुलीचें लग्न ठरलें, चार महिन्यांत दहा किलो उतरवूं व मग बंद करूं, असा बेत ऐकला कीं मला काळजी वाटते. चार महिन्यांचा बहुतेक काळ तर मात्रा पायरीपायरीनें चढविण्यांतच जातो. आणि ज्याला रक्तदाबासाठीं रोज गोळी घेण्यांत कमीपणा वाटत नाहीं, त्याला हेंही औषध दीर्घकाळ घ्यावें लागेल असें सांगितल्यावर लाज कां वाटावी, हें मला समजत नाहीं.

दुसरी काळजी स्नायूंची. उतरलेलें सगळें वजन चरबीचें नसतें. सेमाग्लुटाइडच्या चांचणींत कांहीं लोकांचें क्ष-किरणांनीं मापन केलें, तेव्हां घटलेल्या वजनापैकीं शेंकडा ४० च्या आसपास भाग चरबीव्यतिरिक्त होता. टिर्झेपटाइडमध्यें तो सुमारें एक चतुर्थांश होता. ह्यांत पाणी वगैरेही येतें, पण स्नायुही येतात. परत येणारें वजन मात्र अधिक करून चरबीच्या रूपानें येण्याचा संभव असतो. आपल्या लोकांना ह्याचें विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं २००४ सालीं स्वतःचेंच उदाहरण छापलें. उंचीच्या मानानें काढलेला दोघांचा वजनांक एकच, २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन ह्यांची शेंकडा ९.१ व याज्ञिक ह्यांची शेंकडा २१.२. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरांत स्नायु थोडे व चरबी अधिक असते. अशा माणसानें कांट्यावरचा आंकडा पाहून आनंदावें, आणि खालीं गेलेले किलो स्नायूंचे असावेत, हें होऊं शकतें. औषधाबरोबर डाळी, दूध, अंडीं असा प्रथिनयुक्त आहार आणि ताकदीचा व्यायाम डॉक्टर सांगतात तो ह्याचसाठीं.

मळमळ, वांती व बद्धकोष्ठ हे नेहमींचे त्रास. पित्ताशयांतील खडे व क्वचित् स्वादुपिंडाचा दाह हे गंभीर. गरोदरपणांत हें औषध घ्यावयाचें नसतें.

राहतां राहिला मुलांचा प्रश्न, कारण मजकडे आलेल्यांपैकीं दोघांची चौकशी आपल्या मुलांसाठींच होती. १२ ते १७ वर्षांच्या २०१ मुलांवरील चांचणी २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडनें त्यांचा वजनांक शेंकडा १६.१ नें उतरला, व त्याच वर्षीं डिसेंबरांत अमेरिकेंत बारा वर्षांवरील लठ्ठ मुलांकरितां तें मान्य झालें. हीं थोडीशी गुबगुबीत मुलें नव्हतीं. लठ्ठपणाचें निदान झालेलीं होतीं. वाढत्या हाडांच्या व स्नायूंच्या वयांत हें औषध दहा-वीस वर्षें दिल्यास काय होतें, हें पाहावयास तितकीं वर्षें जावीं लागतील. त्या दोघां पालकांस मीं तीन प्रश्न कागदावर लिहून दिले व बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यास सांगितले: हें किती वर्षें द्यावें लागेल, मध्येंच बंद करावें लागलें तर काय योजना आहे, आणि मुलाचे स्नायु व उंची ह्यांचें मोजमाप किती दिवसांनीं होईल.